अक्कलदाढेभोवतीची सिस्ट: फिल्मवर एक, अस्तरात दुसरी

१९ वर्षांचा मुलगा. डावीकडे, खालच्या जबड्याच्या अगदी मागच्या दाढेपाशी ३ महिन्यांपासून अधूनमधून खारट पाणी येतं, एवढीच तक्रार. दुखणं जवळजवळ नाही. चेहऱ्यावरची सूज आईने बोट ठेवून दाखवली तेव्हाच कळली. तोंडात पाहिलं तर ३७ क्रमांकाच्या दाढेमागे हिरडीला टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र होतं आणि दाबलं की त्यातून पिवळसर स्राव यायचा. ३८, म्हणजे अक्कलदाढ, उगवलेली नव्हती.

मी ओरल पॅथॉलॉजी पाहते, म्हणजे तोंडातून-जबड्यातून काढलेलं ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. रुग्ण खुर्चीवर बसतो तो सर्जनसमोर. माझ्यासमोर येतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीतला तुकडा. हे प्रकरण लिहून काढते आहे, कारण यातला माझा पहिला रिपोर्ट अपुरा होता आणि त्याची किंमत या मुलाने दुसऱ्या शस्त्रक्रियेने मोजली. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

फिल्मवर काय होतं

ओपीजीमध्ये, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एकत्र एक्स-रेमध्ये, ३७ च्या मागून सुरू होऊन रॅमसच्या (खालच्या जबड्याचा मागचा उभा भाग) मध्यापर्यंत गेलेली एक काळी पोकळी होती. लांबी साधारण ४ सेंटिमीटर, रुंदी २ च्या आत. कडा स्वच्छ, पांढऱ्या रेषेने आखलेली. एकच कप्पा. ३८ खाली ढकलली गेली होती, जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत, आणि तिचा मुकुट त्या काळ्या पोकळीत तोंड घालून बसल्यासारखा दिसत होता. मुळं निम्मीच तयार झाली होती.

न उगवलेल्या दाढेचा मुकुट आणि त्याभोवती स्वच्छ कडेची पोकळी. हे चित्र पाहून दंतवैद्यकाच्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या तोंडी ‘डेंटिजेरस सिस्ट’ (न उगवलेल्या दाताच्या मुकुटाभोवती वाढणारी द्रवाची पिशवी) हेच नाव येईल. सर्जनच्या तोंडी आलं, माझ्याही आलं.

त्याच फिल्मवर दोन गोष्टी वेगळं बोलत होत्या. एवढी लांब पोकळी असूनही हाड बाहेरून फारसं फुगलं नव्हतं. डेंटिजेरस सिस्ट आतल्या द्रवाच्या दाबाने फुग्यासारखी सगळीकडे वाढते आणि हाडाची भिंत बाहेर ढकलते. ही मात्र हाडाच्या मगजातून पुढे-मागे सरपटत गेल्यासारखी दिसत होती. दुसरं असं, की ३७ ची मुळं पोकळीला खेटून असूनही शाबूत होती. डेंटिजेरस सिस्ट शेजारच्या दाताची मुळं बऱ्याचदा झिजवते. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या, पण नाव आधीच मनात बसलं होतं आणि मग डोळे त्या नावाला साजेसं तेवढंच उचलत गेले.

पहिला तुकडा

सर्जननी सुईने द्रव ओढून पाहिला. पू आणि रक्त मिसळलेला आला, तो टाकून दिला गेला. काचेवर पसरून त्याचा स्मिअर केला असता तर केरॅटिनचे (त्वचा-नखांतलं कडक प्रथिन) चपटे पापुद्रे कदाचित तिथेच दिसले असते. मग ज्या छिद्रातून स्राव येत होता, तिथूनच ६ मिलिमीटरचा तुकडा बायॉप्सीसाठी घेतला. जागा सोयीची होती, हात सहज पोचत होता. पण तोच भाग सगळ्यात जास्त पेटलेला होता.

स्लाइडवर दिसलं ते असं. केरॅटिन नसलेलं, अनेक थरांचं स्क्वॅमस एपिथेलियम, म्हणजे चपट्या पेशींचं अस्तर, त्याची मुळं खालच्या ऊतकात कमानी-कमानींनी उतरलेली. थरांमध्ये न्यूट्रोफिल शिरलेले. खाली प्लाझ्मा पेशी आणि लिम्फोसाइटची गर्दी, या सगळ्या दाहाच्या पेशी. एका कोपऱ्यात कोलेस्टेरॉलच्या सुईसारख्या फटी आणि त्यांना बिलगून बहुकेंद्रकी महापेशी. अस्तरात दोन-तीन ठिकाणी केसपिनेसारखे वाकलेले गुलाबी हायलाइन तुकडे, म्हणजे रश्टन बॉडी.

मी लिहिलं: दाहयुक्त ओडोंटोजेनिक (दात घडवणाऱ्या ऊतकातून आलेली) सिस्ट, डेंटिजेरस सिस्टशी सुसंगत.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. दुसरा अर्धा स्लाइडवर नव्हता, तो ओपीजीवरून आला होता. ‘सुसंगत’ हा शब्द आमच्या रिपोर्टांत फार सढळ हाताने वापरला जातो. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘विरोधात काही सापडलं नाही’ असा असतो आणि वाचणारा तो ‘हेच आहे’ असा घेतो. जे एपिथेलियम मी पाहिलं, ते दाह झालेल्या जवळपास कोणत्याही जबड्याच्या सिस्टचं असू शकलं असतं. रश्टन बॉडी दिसल्या की अस्तराचं दाताशी नातं आहे एवढं कळतं. दात घडण्याच्या कुठल्या टप्प्याशी नातं आहे, हे त्या सांगत नाहीत. आणि या प्रकरणात सगळा प्रश्न टप्प्याचाच होता.

दात बनताना मागे काय उरतं

गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास तोंडाच्या आतल्या एपिथेलियमची एक पट्टी जबड्याच्या ऊतकात उतरू लागते. ती डेंटल लॅमिना. तिच्यावर ठरावीक जागी कोंब फुटतात, कोंबाची टोपी होते, टोपीची घंटा होते. घंटेच्या आतल्या पेशी एनॅमल घालतात, बाहेरच्या त्यांना आधार देतात, मधे ताऱ्यांच्या आकाराच्या सैल पेशींची गादी असते. मुकुट पूर्ण झाला की हे सगळं आकसून एनॅमलवर एक पातळ पापुद्रा उरतो, त्याला रिड्यूस्ड एनॅमल एपिथेलियम म्हणतात. घंटेच्या कडेच्या पेशी खाली वाढून मुळांना आकार देतात, तो हर्टविगचा आवरण-थर.

काम झाल्यावर हे एपिथेलियम पूर्ण नाहीसं व्हावं अशी अपेक्षा. होत नाही. तीन ठिकाणी त्याचे अवशेष राहतात. डेंटल लॅमिना तुटून तिची बेटं हिरडीत आणि हाडात राहतात, त्यांना सेरेसचे अवशेष म्हणतात. न उगवलेल्या दाताच्या मुकुटावर रिड्यूस्ड एनॅमल एपिथेलियम तसंच चिकटून असतं. आणि हर्टविगच्या थराचे तुकडे मुळाभोवतीच्या लिगामेंटमध्ये जाळीसारखे पसरलेले असतात, त्यांना मालासेझचे अवशेष म्हणतात. लुई-शार्ल मालासेझ या फ्रेंच संशोधकाने १८८५ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

जबड्याच्या बहुतेक सिस्ट या तीन अवशेषांतून जन्मतात आणि त्यांचं अस्तर जन्मदात्याचा चेहरा घेऊन येतं. दाताचा गर कुजला, मुळाच्या टोकाशी दाह झाला, त्याने मालासेझच्या पेशी चेतवल्या, की रॅडिक्युलर सिस्ट. जबड्यातली सगळ्यांत जास्त आढळणारी हीच. तिचं अस्तर जन्मापासूनच दाहात वाढलेलं, म्हणून जाड, कमानीदार, बेशिस्त. मुकुट आणि रिड्यूस्ड एनॅमल एपिथेलियम यांच्यामध्ये द्रव साचला की डेंटिजेरस सिस्ट. तिचं अस्तर २ ते ४ पेशींचं, चपट्या किंवा घनाकार पेशींचं, केरॅटिन नसलेलं. दात जिथून आला त्या शेवटच्या पापुद्र्यासारखंच थकलेलं. भिंत सैल, थोडी चिकट पोताची. मधेच श्लेष्म्याच्या पेशी दिसतात, अवशेषांची बेटं दिसतात.

डेंटल लॅमिनाची गोष्ट वेगळी आहे. रिड्यूस्ड एनॅमल एपिथेलियम हा एका संपलेल्या कामाचा पापुद्रा. लॅमिना ही कामाची सुरुवात. तिच्या पेशींकडे वाढण्याची आणि नवे कोंब फुटण्याची क्षमता असते. तिच्यातून येणारी ओडोंटोजेनिक केरॅटोसिस्ट द्रवाच्या दाबावर अवलंबून राहत नाही, तिच्या अस्तरातल्या पेशी स्वतःच विभागत राहतात. विभागणाऱ्या पेशी दाखवणारा की-६७ चा रंग दिला तर तळाच्या रांगेच्या वरच्या थरांत रंगलेली केंद्रकं डेंटिजेरस सिस्टपेक्षा बरीच जास्त सापडतात.

मला या विषयात सगळ्यांत जास्त भावलेली गोष्ट इथे सांगायची आहे. कायमच्या दाढांना दुधाचे पूर्वज नसतात. पुढचे कायमचे दात दुधाच्या दातांच्या लॅमिनावर जिभेच्या बाजूने फुटतात. दाढांसाठी मात्र ही लॅमिना मागे, आणखी मागे, रॅमसच्या दिशेने हाडात वाढत जाते आणि वाटेत एकेक दाढ सोडत जाते. पहिली दाढ, दुसरी, आणि सगळ्यांत शेवटी अक्कलदाढ. अक्कलदाढेचा मुकुट कठीण होऊ लागतो तो ७ ते १० वर्षांच्या दरम्यान. म्हणजे शरीरात दात घडवणारं एपिथेलियम सगळ्यांत उशिरापर्यंत जागं असतं ते खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला. आणि केरॅटोसिस्ट सगळ्यांत जास्त सापडते ती त्याच जागी, तीही बहुधा विशी-तिशीच्या आसपास. हा योगायोग नसावा असं मला वाटतं.

दुसरा धागा जनुकाचा. दाताचा कोंब वाढवणाऱ्या संदेशांपैकी एक सोनिक हेजहॉग नावाचं प्रथिन आहे. टोपीच्या अवस्थेत एनॅमल नॉट या पेशींच्या गाठीतून तोच संदेश जातो. या संदेशाला लगाम घालणारं जनुक पीटीसीएच१, नवव्या क्रोमोसोमच्या लांब हातावर. गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णन केलेल्या सिंड्रोममध्ये हा लगाम जन्मतःच बिघडलेला असतो आणि अशा रुग्णांच्या जबड्यात एकापेक्षा जास्त केरॅटोसिस्ट होतात. सिंड्रोम नसलेल्यांच्या केरॅटोसिस्टमध्येही हाच बिघाड बऱ्याचदा सापडतो. दाताचा कोंब वाढवण्यासाठी दिलेला हुकूम थांबवायचा राहून गेला, असं या अस्तराकडे पाहता येतं.

बाटलीतली पिशवी

माझ्या रिपोर्टवर भरवसा ठेवून सर्जननी डेंटिजेरस सिस्टची शस्त्रक्रिया केली. सिस्ट सोलून काढली, ३८ काढली, हाडाच्या कडा गुळगुळीत केल्या, टाके घातले. डेंटिजेरस सिस्टसाठी हे पुरेसं असतं, ती सहसा परत येत नाही.

बाटली उघडली तेव्हा दाढ आणि तिच्याभोवती पिशवी एकत्र होती, शिवाय पिशवीचे दोन सुटे तुकडे. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये एक रात्र ठेवून दुसऱ्या सकाळी ग्रॉसिंगला, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी तपासून कापायला, घेतली. पिशवीची भिंत कागदासारखी पातळ होती. समोरच्या, छिद्राकडच्या भागात मात्र जाड आणि तपकिरी. चिमट्याने मागची बाजू उचलली तर ती स्वतःच्या वजनाने फाटू लागली. आतून पांढरट, ओल्या पिठासारखा थर निघाला.

मग प्रोब घेऊन दाढेच्या मानेशी गेले. एनॅमल संपून सिमेंटम सुरू होतं ती रेषा शोधली. डेंटिजेरस सिस्टची भिंत नेमकी या रेषेवर चिकटलेली असते, कारण एनॅमल बनवणारं एपिथेलियम तिथेच संपतं. इथे त्या रेषेला एक पातळ पापुद्रा चिकटलेला होता खरा. पण तो पापुद्रा मुकुटावरून सलग वर गेला, मुकुट पूर्ण झाकला आणि दुसऱ्या बाजूने मानेला परत मिळाला. ते दाढेचं स्वतःचं फॉलिकल होतं, न उगवलेल्या दातावर असतंच ते आवरण, शाबूत. सिस्टची भिंत त्याच्या बाहेरून टेकली होती आणि प्रोबच्या टोकाने दोन ठिकाणी ती फॉलिकलपासून सहज सुटली. सिस्ट मुकुटातून निघाली नव्हती. ती शेजारी वाढली आणि वाढता वाढता दाढेला मिठी मारून बसली. ओपीजीच्या सपाट चित्रात या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

(उगवू पाहणारी दाढ कधी कधी शेजारच्या केरॅटोसिस्टमध्ये शिरते, मग भिंत मानेपाशीही चिकटलेली वाटू शकते. म्हणून मानेची तपासणी हा पुरावा आहे, निकाल नव्हे.)

पहिल्या वेळी एक ब्लॉक (स्लाइड कापण्यासाठी मेणात बसवलेला तुकडा) होता. यावेळी ८ केले. छिद्राजवळचा जाड भाग, मधला भाग, मागचा पातळ भाग, सुटे तुकडे, फॉलिकल, प्रत्येकाला वेगळा क्रमांक.

मागच्या भागाची स्लाइड

जाड भागाच्या ब्लॉकमध्ये पहिल्या बायॉप्सीसारखंच चित्र होतं, कमानी आणि न्यूट्रोफिल. मधल्या भागात एका टोकाला दाह आणि दुसऱ्या टोकाला वेगळंच काही सुरू होत होतं. मागच्या पातळ भागाची स्लाइड कमी भिंगाखाली ठेवली आणि लगेच ओळखलं.

सलग, एकसारख्या जाडीचं अस्तर. मोजलं तर ६ ते ८ पेशींचं. खालची सीमा सरळ, खालच्या ऊतकात एकही मूळ न उतरलेली, आणि त्यामुळेच काही ठिकाणी अस्तर खालच्या थरापासून सुटून पट्टीसारखं तरंगत होतं. पृष्ठभाग सुरकुतलेला, बारीक लाटांचा, त्यावर पॅराकेरॅटिन, म्हणजे केरॅटिनमध्ये अजून चपटी केंद्रकं दिसत होती. जास्त भिंगाखाली तळाच्या पेशी उंच, एका रांगेत, कुंपणाच्या फळ्यांसारख्या उभ्या, केंद्रकं गडद जांभळी आणि सगळी एकाच उंचीवर. भिंतीत एपिथेलियमची ५-६ छोटी बेटं होती आणि त्यांतल्या एकाच्या पोटात केरॅटिनने भरलेली इवलीशी पोकळी: एक पिल्लू सिस्ट (डॉटर सिस्ट), मोठीच्या भिंतीत आपली वेगळी वाढत असलेली.

पिंडबोर्ग आणि हॅन्सन यांनी १९६३ मध्ये केरॅटोसिस्टची जी ऊतक-लक्षणं मांडली, ती या एका स्लाइडवर ओळीने हजर होती.

दोन शक्यता बाजूला काढणं बाकी होतं. पहिली, ऑर्थोकेरॅटिनाइज्ड ओडोंटोजेनिक सिस्ट. तीही अक्कलदाढेभोवती सापडते, फिल्मवर डेंटिजेरससारखीच दिसते. तिच्या केरॅटिनमध्ये केंद्रकं नसतात, त्याखाली दाणेदार थर ठळक असतो आणि तळाच्या पेशी अशा कुंपणासारख्या उभ्या नसतात. ती क्वचितच परतते, म्हणून हा फरक महत्त्वाचा. दुसरी, युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा, एकाच पोकळीचा, सिस्टसारखा दिसणारा जबड्याचा ट्यूमर. तिथेही तळाच्या पेशी रांगेत असतात. व्हिकर्स आणि गॉर्लिन यांनी १९७० मध्ये सांगितल्याप्रमाणे केंद्रकं तळापासून दूर सरकलेली आणि त्यांखाली रिकामी जागा दिसते. पण त्या रांगेवर केरॅटिन चढत नाही. तिथे सैल, ताऱ्यांसारख्या पेशी असतात, घंटेच्या अवस्थेतल्या गादीची नक्कल. आपल्या स्लाइडवर असं काही नव्हतं.

मधल्या ब्लॉकपाशी मी बराच वेळ घालवला. एकाच पट्टीत डावीकडे कुंपण, लाटा, पॅराकेरॅटिन. उजवीकडे सरकत गेलं की आधी लाटा जातात, मग केरॅटिन जातं, मग तळाच्या रांगा मोडतात आणि शेवटी जाड, कमानीदार, कुठल्याही सिस्टचं असावं असं एपिथेलियम. खाली दाहाच्या पेशी नेमक्या त्याच प्रमाणात वाढत गेलेल्या. दाहाने अस्तराची ओळख पुसली होती आणि पुसण्याची प्रत्येक पायरी २ सेंटिमीटरच्या पट्टीवर दिसत होती. पहिला तुकडा पुसलेल्या टोकाचा होता. ही स्लाइड मी शिकवण्यासाठी वेगळी ठेवली आहे.

फोन

सुधारित रिपोर्ट टाइप होण्याआधी सर्जनना फोन केला.

“मॅडम, पहिल्या रिपोर्टवर डेंटिजेरस होतं ना?”

“हो सर, मीच लिहिलं होतं. ते मागे घेते आहे. ही केरॅटोसिस्ट आहे, भिंतीत डॉटर सिस्टही आहे. मागच्या बाजूला अस्तर सगळं निघालं का?”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रॅमसकडे फाटलं होतं. तुकडे गोळा करून काढले. ऑपरेशन नोटमध्ये लिहिलंय मी. पण सगळं निघालं असं छातीठोक नाही सांगता यायचं.”

केरॅटोसिस्ट आधी माहीत असती तर त्यांनी वेगळी शस्त्रक्रिया केली असती. सोलून काढल्यावर हाडाचा १-२ मिलिमीटरचा थर बरने (ड्रिलच्या टोकाने) घासून टाकणं, पोकळीला उरलेल्या पेशी मारणारं सुधारित कार्नॉय द्रावण लावणं, सिस्टवरची हिरडी काढणं, किंवा आधी सिस्टला खिडकी पाडून ती लहान होऊ देणं, यांतलं काही ना काही. नुसतं सोलून काढलेली केरॅटोसिस्ट परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि पुनरावृत्ती बहुधा पहिल्या ५ वर्षांत दिसते, कधी त्याहून खूप उशिरा.

लगेच पुन्हा उघडायचं की लक्ष ठेवायचं? बरी होत असलेली जखम, शेजारी खालच्या ओठाची नस आणि नक्की काही उरलंय याचा पुरावा नाही. लक्ष ठेवायचं ठरलं. गॉर्लिन-गोल्ट्झ सिंड्रोमची तपासणी केली: तळहात-तळपायांवरचे खड्डे, फाटे फुटलेल्या बरगड्या, मेंदूच्या दोन अर्धांमधल्या पडद्यातलं (फॉल्क्स) कॅल्शियम, त्वचेवरच्या गाठी, घरच्यांचा इतिहास. काही निघालं नाही.

मुलाच्या आईने विचारलं, “मॅडम, दाढ काढली, गाठ काढली, मग आता फोटो काढत कशाला राहायचं?” मी सांगितलं की ही गाठ दाढेतून आली नव्हती. दाढ ज्या पेशींनी घडवली त्यांतल्या मागे राहिलेल्या काही पेशींतून ती आली, आणि अशा पेशी तिथे आणखी असू शकतात. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या प्रत्येक तारखेला मुलाला न चुकता घेऊन आल्या.

२६ महिन्यांनी

पहिल्या वर्षी हाड छान भरत होतं. दुसऱ्या वर्षाच्या फिल्मवरही शंका घ्यावी असं काही नव्हतं. २६ व्या महिन्याला रॅमसच्या पुढच्या कडेजवळ ८ मिलिमीटरची गोल काळी जागा दिसली. सीबीसीटीत (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) जिभेकडचं हाड तिथे विरळ होतं. त्रास काहीच नव्हता, लक्ष ठेवलं नसतं तर आणखी ३-४ वर्षं कळलं नसतं.

यावेळी सर्जननी त्या जागेवरची हिरडीची पट्टीही कापून घेतली, सिस्ट काढली, हाड घासलं आणि नस झाकून ३ मिनिटं सुधारित कार्नॉय द्रावण लावलं. सुधारित, म्हणजे क्लोरोफॉर्म वगळलेलं.

सिस्टची स्लाइड अपेक्षित होती, तेच कुंपण, त्याच लाटा. मला पाहायची होती हिरडीची पट्टी. वर तोंडाचं साधं एपिथेलियम. त्याखाली संयोजी ऊतक. आणि त्या ऊतकात, वरच्या एपिथेलियमपासून सिस्टच्या दिशेने, थोड्या थोड्या अंतरावर एपिथेलियमच्या ४ गोल बेटांची ओळ. तोंडाच्या एपिथेलियममधून हाडात उतरलेल्या जुन्या लॅमिनाची तुटलेली वाट असावी अशी. हिरडीतली ही बेटं लॅमिनाची की वरच्या एपिथेलियमच्या तळातून सुटलेली, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. माझा कल लॅमिनाकडे आहे, पण सर्जनसाठी उत्तर एकच निघतं: ती पट्टी ठेवायची नाही.

या सिस्टचं नाव गेल्या काही दशकांत दोनदा बदललं. फिलिप्सेन यांनी १९५६ मध्ये ओडोंटोजेनिक केरॅटोसिस्ट हे नाव दिलं. २००५ च्या वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने तिला ट्यूमर ठरवलं, केरॅटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर. २०१७ मध्ये ती परत सिस्ट झाली. पीटीसीएच१ चा बिघाड फक्त ट्यूमरमध्येच सापडतो असं नाही, हे एक कारण. दुसरं, खिडकी पाडून ठेवलेल्या केरॅटोसिस्टचं अस्तर काही महिन्यांत केरॅटिन सोडून साध्या तोंडासारखं होऊ शकतं, आणि ट्यूमरने असं वागणं विचित्रच. मला नावापेक्षा ते दुसरं निरीक्षण मोलाचं वाटतं. जे अस्तर दाब आणि भोवताल बदलताच आपलं रूप सोडू शकतं, त्याचा एकच तुकडा पाहून निदान करताना हात आखडलाच पाहिजे.

पेटलेल्या जागेचा तुकडा आला की आता मी लिहिते: दाहयुक्त ओडोंटोजेनिक सिस्ट, दाहामुळे अस्तराचा मूळ प्रकार ठरवता येत नाही, दाह नसलेल्या भागाचा नमुना पाठवावा. सर्जनना हे वाक्य आवडत नाही, कारण त्यावरून शस्त्रक्रिया ठरवता येत नाही. ठरवता येऊ नये म्हणूनच ते लिहिलेलं असतं. बायॉप्सी घेणाऱ्यांना विनंती एवढीच, की छिद्रापासून दूरचा, पातळ भिंतीचा एक तुकडा सोबत घ्या, आणि ओढलेला द्रव टाकून देऊ नका.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला आता ४ वर्षं झाली. रॅमसच्या फिल्मवर हाडाची जाळी पूर्ण भरलेली आहे. हनुवटीच्या डाव्या बाजूला नाण्याएवढ्या भागात थोडी बधिरता राहिली आहे, दाढी करताना जाणवते असं तो सांगतो. पुढचा ओपीजी वर्षभराने.